जुन्या जीपसाठी चाकांची घडवंची

कोकणातील जुन्या घरात घडवंची नाही, असे सहसा होत नसे. चार पाय, वर जाड फळ्यांचा माचा, एवढेच तिचे रूप. अंथरुणाच्या वळकट्या, धान्याची पोती, पाण्याचे हंडे, जे जे ओल धरणाऱ्या जमिनीपासून जपावयाचे ते ते उचलून हिच्यावर ठेवावयाचे. पावसाळ्यात जमीन पाझरू लागली, भिंतीला ओल चढली, तरी घडवंचीवरचे सामान कोरडे राही. कारण त्याच्या खालून वारा खेळत असे. या भाषणात विचार करावयाचा आहे तो अशाच एका घडवंचीचा. फरक इतकाच की, ती अधिक भक्कम आहे, तिच्या पायांना चाके आहेत, आणि तिच्यावर ठेवावयाची वस्तू म्हणजे एक जुनी जीपगाडी होय.

समजा, बोर्ली पंचतन गावातील एका घराच्या रुंद पडवीत अशी एक जीप उभी आहे. बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातील बाजाराचे गाव. जवळच दिवेआगरचा किनारा, उत्तरेस दिघीची खाडी, पूर्वेस म्हसळ्याकडे जाणारा डोंगरी रस्ता आणि भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या. घरात वृद्ध पतिपत्नी दोघेच राहतात. मुले मुंबईस नोकरीला. गाडी गृहस्थाच्या वडिलांनी घेतलेली. तिने डोंगरवाटेने आजारी माणसे दवाखान्यात नेली, सुपारीची पोती बाजाराला पोहोचविली, लग्नाची वऱ्हाडेही वाहिली. आता ती वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघते. उरलेले दिवस तिचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या घरापुढे आहे, आणि तो केवळ यंत्राचा प्रश्न नाही.

जीप ही मूळची युद्धाची अपत्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४० मध्ये या जातीच्या हलक्या गाडीचे पहिले नमुने तयार झाले, आणि पुढे विलीज व फोर्ड या कारखान्यांनी मिळून ती सहा लाखांहून अधिक संख्येने घडविली. युद्ध संपल्यावर ती शेतावर आणि खेड्यापाड्यांत शिरली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र असे झाले. त्याच दशकाच्या अखेरीस या कंपनीने मुंबईस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रात जीप हे परके नाव राहिले नाही. चारही चाकांना जोर देणारी, सपाट मडगार्डांची ही बुटकी गाडी जेथे धड रस्ता नव्हता तेथे रस्त्याचे काम करीत राहिली. अशी गाडी ज्या घरी आहे तेथे तिचे मोल पैशांत सांगता येत नाही. परंतु नुसते मोल मनात धरून लोखंड टिकत नाही, हेही तितकेच खरे.

किनाऱ्यावर लोखंडाचे शत्रू तीन. पहिला शत्रू मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि पत्र्यावर बसतात. हवेतील आर्द्रता शेकडा पंचाहत्तरच्या वर गेली की, हे मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते, आणि पाऊस अंगावर न पडताही लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. पावसाळ्याचे चारही महिने येथील हवा बहुधा या मर्यादेच्या वरच असते. दुसरा शत्रू जमिनीची ओल. मातीच्या किंवा जांभ्याच्या भूमीवर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाला खालून सतत दमट वाफ लागते. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारी गाडी तळाशी कुजलेली सापडते. तिसरा शत्रू म्हणजे निश्चलपणा. टायर एकाच जागी महिनोन्महिने भार वाहत राहिले तर त्यांचा तळ चपटा होतो, ब्रेक धरून बसतात, आणि उंदरांना गादीत व तारांच्या जुडग्यात निवांत घर मिळते.

येथे कोणी म्हणेल की, यावर उपाय जुनाच आहे. गाडी चार दगडांवर चढवून ठेवावी म्हणजे झाले. या म्हणण्यात तथ्य आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा भरडखोल, दिघी यांसारख्या बंदरांतील कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, टेकू देऊन उभ्या करतात आणि वर छप्पर घालतात. तळ जमिनीपासून सुटलेला असावा, खालून हवा जावी, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. परंतु होडीला किनारा मोकळा असतो. जीपला पडवी मोकळी नसते. पडवीत मृगाच्या आधी सरपण येऊन पडते. पुढे पावसाळा ओसरला की सुपारी आणि भात येते. आणि या दोहोंच्या मध्ये, भाद्रपदात, गणपती येतो. मुंबईची मुले, सुना, नातवंडे घरी येतात, पंगती बसतात, भजनाला माणसे जमतात. अशा वेळी गृहिणी विचारते, “अहो, यंदा पंगत कोठे बसवायची? गाडीवर की गाडीखाली?” दगडांवर चढविलेल्या गाडीपाशी या प्रश्नाला उत्तर नसते. मग मुलगा दूरध्वनीवरून म्हणतो, “बाबा, देऊन टाका ती भंगारात.” पुष्कळ जुन्या गाड्यांचा शेवट गंजाने होत नाही; तो अशा एका वाक्याने होतो.

सारांश, या घडवंचीने दोन कामे केली पाहिजेत. गाडीला जमिनीपासून उचलावे, आणि माणसांसाठी गाडीला बाजूला सरता यावे. पहिल्या कामाला पाय पुरतात. दुसऱ्यासाठी चाके हवीत. ही घडवंची गावातील सुतार किंवा वेल्डिंगचे काम करणारा कारागीर दोन-तीन दिवसांत सहज उभी करू शकेल. मात्र हत्यार हाती घेण्यापूर्वी माप नीट घेतले पाहिजे.

युद्धकालीन जीपच्या पुढील व मागील आसांमधील अंतर ८० इंच असते. डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे ४९ इंच; टायर सहा इंच रुंद, म्हणून दोन टायरांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे ४३ इंचांची मोकळी जागा उरते. टायरांचा व्यास साधारण २८ इंच, म्हणजे आसाचा मध्य जमिनीपासून १४ इंचांवर आणि आसाच्या नळीचा तळ त्याच्या किंचित खाली येतो. इंधन व पाणी भरलेल्या गाडीचे वजन सुमारे १,१०० किलो. ही मापे दिशा दाखविण्यापुरती आहेत; पुढील काळात बनलेल्या गाड्यांत ती थोडीफार निराळी असतात, आणि टायरांच्या झिजेनेही उंची बदलते. म्हणून प्रत्येकाने आपल्या गाडीचे माप आपल्या हाताने घ्यावे. त्यातही एक गोष्ट विसरू नये. या जीपमध्ये आसावरचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून उजव्या अंगाला सरकलेला असतो. त्यामुळे डावीकडील नळी लांब व उजवीकडील आखूड भासते. डावे माप घेऊन तेच उजवीकडे लावणाऱ्याचा टेकू नेमका अडचणीच्या जागी येतो.

आता भार कोठे घ्यावयाचा? एक मार्ग असा की, गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, उचलून धरावी. परंतु तसे केल्यास कमानी सैल लोंबत राहतात आणि आस व चाके यांचे ओझे उलटे त्यांच्यावर येते. दीर्घ काळासाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे आसाच्या नळीखाली, कमानींच्या बाहेरच्या अंगाला लगत, टेकू देणे. मग कमानींवर नेहमीचाच भार राहतो, आणि गाडीला आपण आपल्याच चाकांवर उभी आहोत असे वाटावे इतकी ती स्वस्थ राहते. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली मात्र टेकू कधीही देऊ नये. एका बिंदूवर तोललेली गाडी डुलते.

घडवंचीची चौकट दोन लांब तुळया आणि दोन आडव्या तुळया यांची करावी. तीन इंची लोखंडी चॅनल यासाठी उत्तम. लाकूडच वापरावयाचे तर निर्दोष सागाची, चार इंच उभी व तीन इंच रुंद तुळई घ्यावी. लांब तुळया टायरांच्या आतल्या मोकळ्या जागेतून, एकमेकींपासून सुमारे तीन फुटांवर, गाडीखालून जातात आणि दोन्ही आसांच्या पलीकडे दीड-दीड फूट बाहेर येतात. तेथे त्यांच्या टोकांना पाच फूट लांबीच्या आडव्या तुळया जोडावयाच्या व त्यांच्या टोकांखाली चाके बसवावयाची. चाके टायरांच्या आतच बसविली तर काम सोपे होते खरे, परंतु बैठक अरुंद होते, आणि अरुंद बैठकीवरील उंच ओझे कधी कलेल याचा नेम नसतो. सांधे वेल्डिंगने कायमचे न करता अँगलचे कोपरे आणि नट-बोल्ट यांनी करावेत. याचे कारण उघड आहे. पूर्ण जोडलेली चौकट गाडीखाली सरकविता येत नाही. आणि गाडी वापरात असेल त्या महिन्यांत ती सुटी करून भिंतीशी उभी करता आली पाहिजे. लांब तुळयांवर, आसाच्या बरोबर खाली, कठीण लाकडाचे खोबण पाडलेले ठोकळे बोल्टने आवळावेत. खोबणीत जुन्या ट्यूबचे रबर घालावे, आणि आस उडू नये म्हणून वरून पट्टा बांधावा. सहा इंची चाक त्याच्या बैठकीसह सुमारे आठ इंच उंच होते, त्यावर तीन इंचांची तुळई, आणि उरलेली उंची ठोकळ्यांनी पुरी करावयाची. टायर जमिनीपासून दोन बोटे सुटला की पुरे. त्याहून उंच उचलण्यात शोभा नाही आणि सुरक्षितपणाही नाही.

चाकांच्या निवडीत बहुतेकांची चूक होते ती भागाकाराची. अकराशे किलोची गाडी आणि शंभर किलोच्या आतबाहेरची चौकट, मिळून बाराशे, चाके चार, म्हणून प्रत्येक चाक तीनशे किलोचे घेतले, असा हिशेब केला जातो. कागदावर तो बिनचूक आहे. पडवीत तो खोटा ठरतो. घरची भूमी कधीही पूर्ण सपाट नसते. ताठ चौकटीचे एक चाक जरासे उंचावले की, सगळा भार उरलेल्या तिघांवर पडतो. म्हणून भागावयाचे ते चाराने नव्हे, तीनाने. बाराशेला तीनाने भागले की चारशे येतात. त्यावर थोडी शिल्लक ठेवून पाचशे किलो पेलणारे चाक घ्यावे. चाक मोठे असावे, कारण लहान चाक सुपारीएवढ्या खड्यापाशीही अडते. बिडाचे चाक हलके फिरते पण फरशी फोडते. नरम रबराचे चाक फरशी राखते पण भाराखाली चपटे होते. टणक नायलॉनचे चाक या दोहोंच्या मधले आहे. चारही चाके सर्व दिशांना वळणारी असावीत, आणि निदान दोघांना, समोरासमोरच्या कोनांत, खटक्याचा ब्रेक असावा.

गाडी घडवंचीवर चढविण्याचा दिवस हा घाईचा दिवस नव्हे. या कामात जिवाला धोका आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे ठाऊक असले पाहिजे. पुष्कळ जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या पेटीमागे, मागील आसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागची दोन्ही चाके जमिनीवर असतील तोवर तो गाडी घट्ट धरतो. परंतु एक मागचे चाक जॅकने उचलले की, डिफरन्शियलमुळे ते अधांतरी चाक मोकळे उलटे फिरू शकते, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही याच कारणाने सरकते. म्हणून सपाट जागा पाहून, जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याखेरीज जॅकला हात लावू नये. दोन टनांचा जॅक पुरतो. तो जाड फळीवर ठेवावा. एक टोक उचलून चासीखाली भक्कम टेकू द्यावेत, मग दुसरे टोक उचलून तेथेही द्यावेत. गाडी चारही टेकूंवर स्थिर बसल्याची खात्री, तिला हाताने हलवून पाहून, करून घ्यावी. त्यानंतर लांब तुळया आत सरकवाव्यात, आडव्या तुळया जोडाव्यात, ठोकळे आसांखाली आणावेत, आणि एकेक टोक सावकाश खाली सोडावे. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. घरात मुले असतील तर त्यांना त्या दिवशी शेजारी पाठवावे.

गाडी चढली की दोन माणसे ती सपाट फरशीवरून ढकलू शकतात. परंतु ‘सपाट’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कोकणातील अंगण पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरते केलेले असते. वीस फुटांत एक फूट उतार म्हटला तर डोळ्यांना तो जाणवतही नाही. परंतु बाराशे किलोचे ओझे त्या उतारावर साठ किलोच्या जोराने खाली ओढले जाते. वृद्ध गृहस्थाच्या हातून ते आवरणार नाही. तेव्हा घडवंचीचे राज्य पडवीपुरते. अंगणात तिने पाऊल टाकू नये. पडवीची भूमी खडबडीत असेल तर जाड फळ्यांची वाट अंथरावी.

एकदा जागा ठरली की भार चाकांवरही ठेवू नये. आडव्या तुळयांच्या टोकांना स्क्रूचे चार पाय बसवावेत. ते खाली आवळले की चाके मोकळी होतात आणि घडवंची खरोखरीची घडवंची होते. गाडी ठेवण्यापूर्वी तिचे पोट गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावे, कारण आत राहिलेले मीठ वरून लावलेल्या तेलाखालीही आपले काम करीत राहते. बॅटरी काढून ठेवावी. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते; म्हणून दीर्घ काळासाठी लोखंडी टाकी रिकामी करून कोरडी ठेवणे बरे. गाडीला ताडपत्री गुंडाळू नये. आत कोंडलेला दमटपणा पावसापेक्षा अधिक घातक असतो. वर सुती चादर आणि खाली मोकळा वारा, एवढे पुरे. पंधरा दिवसांतून एकदा गाडीची चारही चाके हाताने फिरवावीत, ब्रेक दाबून सोडावा, आणि हँडल असेल तर गिअर मोकळा करून इंजिनाला चार वेढे द्यावेत. आणि त्या निमित्ताने घडवंची हलवून तिच्याखालची जमीन झाडून घ्यावी. उंदराला हलणारे घर आवडत नाही.

या किनाऱ्यास वादळाचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, आणि श्रीवर्धन तालुक्यात घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यांनी राखलेल्या वाड्या काही तासांत मोडल्या. त्यापुढे एका जुन्या गाडीची काय कथा, असे कोणी म्हणेल. आणि ते योग्यच आहे. परंतु अशा वेळी घरातील प्रत्येक वस्तू एकतर माणसांच्या उपयोगी पडते किंवा त्यांच्या वाटेत येते. वादळाची सूचना आली असता चाकांवरची गाडी दोन माणसांना दारापासून, खिडकीपासून, झाडाच्या पडण्याच्या कक्षेतून दूर घेता येते. मात्र दूर घेतल्यावर लगेच स्क्रूचे पाय खाली घ्यावेत, पाचरी ठोकाव्यात. मोकळ्या चाकांवरील गाडी वाऱ्यात सोडणे म्हणजे घरात एक दुसरे वादळ बांधून ठेवणे होय.

या सर्व खटाटोपाचा लाभ शेवटी कोणाला, असे विचारले तर उत्तर एकट्या गाडीकडे जात नाही. जुन्या वस्तूंचे प्रेम बहुधा हट्टी असते. वडिलांची म्हणून जी वस्तू राखली जाते तीच हळूहळू घरातल्यांची वाट अडवू लागते, आणि मग तिच्या मालकाच्या डोळ्यांदेखत तिच्याविषयी घरभर नाराजी साचत जाते. वडिलांची आठवण आणि नातवंडांची पंगत यांना एकाच पडवीत राहावयाचे असेल तर दोहोंपैकी एकाला सरता आले पाहिजे, आणि ते आठवणीनेच करावे हे उचित होय. चार चाके, चार तुळया आणि मूठभर नट-बोल्ट यांनी एवढे साधते.

भाद्रपद लागतो. मुले आदल्या रात्री मुंबईहून आलेली असतात. पहाटे बापलेक पडवीत येतात, स्क्रूचे पाय वर घेतात, खटके सोडतात, आणि गाडी भिंतीकडे सरकू लागते. मागे उरलेली चौकोनी जागा कोरडी आणि स्वच्छ असते. गृहिणी ती एकदा झाडून घेते आणि तेथे पाट मांडू लागते. मुलगा क्षणभर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो. आणि त्या वर्षी भंगाराचा विषय कोणी काढीत नाही.